गोव्यातल्या साखळीच्या झेरॉक्सवाल्या बायला

प्रिय बाय,

तू नाव छापू नको म्हणालीस, म्हणून नुसतं बाय. साखळीच्या बाजारात जाणाऱ्यांना कळायचं ते कळेल.

जुलैत मी तुझ्या दुकानात आलो तो आईच्या विम्याचा दावा नाकारल्याच्या कागदाच्या दोन प्रती काढायला. बाहेर पाऊस कोसळत होता, मागे चारजण रांगेत होते. यंत्रावर कागद ठेवता ठेवता तू तो वाचलास आणि विचारलंस, "हे तुम्ही असंच सोडणार?" खरं सांगतो, सोडणारच होतो. प्रती फक्त फायलीला लावायच्या होत्या.

आईला पेपरातल्या ओळी वाकड्या दिसायला लागल्या होत्या. आधी ती छपाईलाच नावं ठेवत होती! मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी सूज आली होती. डॉक्टरांनी दर महिन्याला एक, अशी डोळ्यात द्यायची तीन इंजेक्शनं लिहून दिली. एकाचा खर्च २८,४०० रुपये. सहा वर्षं न चुकता हप्ते भरलेले, म्हणून मी निर्धास्त होतो. दोन इंजेक्शनं झाल्यावर विमा कंपनीचं उत्तर आलं: रुग्ण २४ तास दाखल नव्हता, सबब हा ओपीडी (बाह्यरुग्ण) उपचार, दावा नामंजूर.

तू आधी एका इस्पितळाच्या विमा खिडकीवर होतीस, हे मला तेव्हा कळलं. तू पॉलिसीचं पुस्तक मागवलंस. ते मी घरी प्लॅस्टिकमधूनही काढलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी 'आधुनिक उपचार' या मथळ्याखाली तू बोट ठेवलंस. तोंडाने घ्यायची केमोथेरपी, रोबोटने होणारी शस्त्रक्रिया आणि त्याच यादीत डोळ्याच्या आत द्यायची इंजेक्शनं. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१९ मध्येच सांगितलंय की हे उपचार पॉलिसीतून वगळता येणार नाहीत, मग रुग्ण दाखल असो वा डे-केअरचा, म्हणजे त्याच दिवशी घरी जाणारा. कंपनी रकमेची मर्यादा घालू शकते, एवढंच.

मी रात्री बसून दीड पान लिहून आणलं. त्यात 'लुटारू' हा शब्द तीनदा होता. तू ते वाचून हसलीस आणि अकरा ओळी ठेवल्यास. पॉलिसीच्या कोणत्या कलमाने दावा नाकारला? आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे नकाराला कंपनीच्या आढावा समितीची मंजुरी घेतली होती का? सोबत डॉक्टरांची चिठ्ठी: कुठला डोळा, कुठलं औषध, आणि ते ऑपरेशन थिएटरमध्येच का द्यावं लागतं. स्कॅनचे रिपोर्ट, आणि औषधाच्या खोक्यावरचा बॅच नंबरचा स्टिकर. तो स्टिकर मी जवळजवळ फेकलाच होता. अर्ज तक्रार निवारण अधिकाऱ्याला गेला, नियामकाच्या 'बीमा भरोसा' या तक्रारींच्या पोर्टलवरही तूच चढवून दिलास. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे जायचं, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही, हे तू इतक्या सहज सांगितलंस की माझी भीतीच गेली.

तेविसाव्या दिवशी पैसे आले. पूर्ण नाहीत. प्रत्येक इंजेक्शनला २०,००० ची मर्यादा निघाली, म्हणजे ५६,८०० पैकी ४०,०००. मला थोडं खटकलं, पण ते त्यांच्या कलमात होतं आणि कलम आता मी स्वतः वाचलेलं होतं.

तू घेतलेस ४६ रुपये. तेवीस पानांचे, पानाला दोन. वर देऊ केले तर नोट गल्ल्यावरून परत सरकवलीस. शेजारचे, नातेवाईक, सगळे आम्हाला "गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात) न्यायला हवं होतं" एवढंच ऐकवत होते. हातातला कागद वाचलास तो तू एकटीने, तेही रांग खोळंबलेली असताना.

आईला हे पत्र वाचून दाखवायला बसलो तर तिने ते ओढून घेतलं, चष्मा लावून स्वतःच वाचलं आणि म्हणाली, "देव बरें करूं म्हण तिका." शिवाय कोकमाच्या सोलांची एक पिशवी बांधून ठेवली आहे.

ती घेऊन सोमवारी येतो. तिसऱ्या इंजेक्शनची बिलं आहेत, स्टिकर जपून ठेवलाय.

तुझा,
जुलैतला भिजलेला गिऱ्हाईक