देवनागरीतला ‘एमबी’ नेमका कोणता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या जळगाव-धुळे पानावर फायबर इंटरनेटची बातमी होती. ‘ग्राहकांना सेकंदाला १०० एमबी वेग’ असे तिच्यात छापले होते. ते १०० मेगाबिट आहेत, मेगाबाइट नव्हेत. बिट म्हणजे माहितीचा सगळ्यात लहान तुकडा, शून्य किंवा एक. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे त्या जोडणीवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतील. चूक आठ पटींची आहे. कापसाच्या भावात अशी चूक झाली असती तर दुसऱ्या दिवशी बाजार समितीत हलकल्लोळ माजला असता.

मी अमळनेरचा. आधी तारघरात आणि पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मिळून ३४ वर्षे नोकरी केली. रोमन लिपीत लहान ‘बी’ म्हणजे बिट आणि मोठा ‘बी’ म्हणजे बाइट, असा संकेत आहे. आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरेच नाहीत, त्यामुळे छापताना दोन्हींचा ‘एमबी’ होतो. इंग्रजी वाचणाऱ्याला निदान एवढी खूण तरी मिळते. मराठी वाचकाला तीही मिळत नाही, म्हणून हे पत्र.

तारखात्यात आम्ही ठोके मोजायचो, कारण तारेवरून ठोकेच जातात, एकामागून एक. तो ठोका म्हणजेच आजचा बिट. तारेवरून अक्षरे पाठवणारा टेलिप्रिंटर ५० बॉडवर चाले, म्हणजे सेकंदाला ५० ठोके. एका अक्षराला पाच ठोके, त्याआधी सुरुवातीचा एक आणि शेवटी थांबण्याचा दीड, असे साडेसात लागत. मिनिटाला ४०० अक्षरे, साधारण ६६ शब्द. हे अडीच ठोके म्हणजे बारदानच. पोते काट्यावर ठेवले की बारदान वजा करावेच लागते. संगणकवाल्याचे काम कोठाराचे. त्याच्याकडे अक्षरे साठतात, म्हणून तो बाइट मोजतो. दोघांचेही माप आपापल्या जागी बरोबर आहे.

पुढे एक्स्चेंज डिजिटल झाले. माणसाच्या आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घ्यायचे, प्रत्येक नमुन्याला ८ बिट, म्हणजे एका बोलण्याला ६४,००० बिट. अशा ३२ वाटा एकत्र केल्या की २०,४८,००० बिट. त्यांतल्या ३० वाटांवर लोक बोलत, उरलेल्या दोन यंत्रांच्या आपसातल्या खाणाखुणांसाठी. या लाइनला आम्ही ‘टू एमबी’ म्हणायचो. ‘धुळ्याची टू एमबी पडली’ असा फोन आला की जेवण ताटात टाकून पळत सुटायचो. आज बाइटांत मांडले तर ती सेकंदाला २५६ किलोबाइट भरते. मोबाइलवरचा चार मेगाबाइटचा एक फोटो तिच्यावरून जायला सोळा सेकंद लागतील, तेही तीस जणांचे बोलणे बंद ठेवून. २०२३ पासून सरकारी व्याख्येप्रमाणे किमान २ मेगाबिटला ब्रॉडबँड म्हणतात. तो वेग जवळपास आमच्या टू एमबीएवढाच.

या घोळाचा मार कोणाला बसतो, ते मी पाहिले आहे. १९९७ च्या उन्हाळ्यात एका कार्यालयाला रात्री मोडेमवरून, म्हणजे टेलिफोन लाइनवरून संगणकाची माहिती धाडणाऱ्या यंत्रावरून, बिलांची फाइल पाठवायची होती. फाइल सहा मेगाबाइटची, मोडेम ९६०० चा, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांचा. तिथल्या साहेबांनी ९६०० म्हणजे सेकंदाला ९६०० अक्षरे असे धरले आणि साडेदहा मिनिटांचा हिशेब केला. प्रत्यक्षात एका अक्षराचे आठ बिट, पुढे एक, मागे एक, असे दहा बिट जात होते. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. फाइल जायला पावणेदोन तास लागणारच होते. साहेबांनी लाइन खराब म्हणून तक्रार नोंदवली. आमचा लाइनमन रात्री साडेअकराला सायकलवर निघाला, बॅटरीच्या उजेडात तीन पेट्या उघडून एकेक जोड तपासला. दोष नव्हताच, सापडणार कुठून? सकाळी त्याच्याच हातात मेमो पडला. मी कागदावर भागाकार करून दाखवला, पण मेमो परत घेतला गेला नाही. ती गोष्ट मला आजही बोचते.

आणि हे जुन्या काळापुरते नाही. आमच्या गल्लीतल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने यंदा ४० मेगाबिटची जोडणी घेतली. मोबाइलवर डाउनलोडचा आकडा दिसला ४.७, तो मेगाबाइटांत. मुलगा संतापून माझ्याकडे आला, ‘आप्पा, हाऊ केबलवाला आमले फसाडी राहिना.’ मी त्याला ओट्यावर बसवले आणि वहीच्या पाठकोऱ्या पानावर ४० ला ८ ने भागायला लावले. पाच आले. उरलेला फरक बारदानाचा. माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर पत्ता लिहावा लागतो, त्यालाही बिट लागतात. केबलवाला प्रामाणिक निघाला. पण त्याच्या पावतीवर नुसते ‘४० एमबी’ लिहिले होते, आणि भांडणाची वेळ आली ती त्या दोन अक्षरांमुळे.

डिस्कच्या आकड्यातही असाच गोंधळ आहे. एक टेराबाइटची, म्हणजे हजार गिगाबाइटची, डिस्क संगणकावर ९३१ गिगाबाइट दिसते. डिस्क बनवणारा किलो म्हणजे १००० धरतो आणि विंडोज १०२४. माल मात्र पुरताच असतो. दूरसंचारात किलो कायम १००० चाच. आमच्या टू एमबीच्या २०४८ किलोबिटमुळे तिथेही १०२४ चा संबंध असेल असे वाटते, पण तो आकडा ३२ गुणिले ६४ चा आहे, बाकी काही नाही.

आपल्या बाजारभावाच्या पानावर रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, भाव खंडीचा आणि कापसाचा क्विंटलचा, हे आपण कधी चुकवत नाही. खंडी म्हणजे ३५६ किलो रुई, हे खान्देशातल्या शाळकरी पोरालाही सांगावे लागत नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या ते छापून आणि बोलून पक्के झाले आहे. बिट-बाइटचेही तसेच होऊ शकते, आणि ते आपल्यासारख्या दैनिकाच्याच हातात आहे.

माझी विनंती एवढीच आहे. वेगाच्या बातमीत ‘एमबी’ न छापता ‘मेगाबिट’ किंवा ‘मेगाबाइट’ असा पूर्ण शब्द छापावा. जागा थोडी जास्त लागेल, ती द्यावी. जाहिरातदारांनाही तसे सुचवावे. आणि गेल्या आठवड्याच्या बातमीची दुरुस्ती आतल्या पानावर कोपऱ्यात न टाकता, मूळ बातमी होती त्याच पानावर द्यावी.

आपला,
एक निवृत्त दूरसंचार कर्मचारी
अमळनेर, जि. जळगाव