गुलमर्गमधल्या त्या सगळ्यांचे आभार

गंडोलाच्या, म्हणजे तिथल्या केबल कारच्या, दुसऱ्या टप्प्याने अफरवट डोंगरावर, जवळजवळ ४,००० मीटरवर जाऊन आल्यावर संध्याकाळी हॉटेलात आईला धाप लागली, डोकं गरगरायला लागलं. बाहेर बर्फ थांबत नव्हता. रिसेप्शनवरच्या मुलाने धावत ऑक्सिजन आणला, बोटाला मशीन लावून आकडा पाहिला आणि डॉक्टर येईपर्यंत तिच्याजवळून तो हलला नाही. फेरन घातलेले एक चाचा अंधारात फावड्याने रस्ता मोकळा करत होते, डॉक्टरांची गाडी दारापर्यंत यावी म्हणून! स्वयंपाकघरातून कुणीतरी न सांगता मऊ भात पाठवला. महागड्या हॉटेलात सोयी मिळतातच, पण ही माया पैशांतली नव्हती. तुमची नावं मला ठाऊक नाहीत. तुम्हा सगळ्यांचे अगदी मनापासून आभार. आई आता ठणठणीत आहे.