टोमॅटोची फुलगळ : परागकण तपासा, मगच सल्ला द्या

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात नारायणगाव-जुन्नर पट्ट्यात टोमॅटोची फुलगळ सुरू झाली की शेतकऱ्याच्या हाती पहिली येते ती फवारणीच्या बोरॉनची, म्हणजे सूक्ष्म अन्नद्रव्याची, बाटली. पण दिवसाचा पारा ३५ अंशांपुढे गेला आणि रात्रीही उकाडा राहिला, तर कळीतले परागकणच निकामी होतात, मग फळ धरत नाही आणि फूल गळते. हा घाव फूल उमलण्याच्या आठ-दहा दिवस आधीचा असतो. आजची फवारणी तो भरून काढत नाही. फुलगळीचे कारण परागात आहे का, हे एका सकाळीत कळते. त्यासाठी कृषी विज्ञान केंद्रांत कॅमेरा जोडलेला सूक्ष्मदर्शक द्यावा, ही आमची मागणी.

खरेदीत मात्र फसगत होते. ‘१००० पट’ लिहिलेले हातात धरायचे यूएसबी यंत्र या कामाचे नाही. टोमॅटोचा परागकण जेमतेम २०-२५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). १० व ४० पटीची वस्तुभिंगे, एलईडी प्रकाश आणि स्टेज मायक्रोमीटर (बारीक मोजपट्टी कोरलेली काच) हवाच. भिंग बदलले की मोजपट्टी नव्याने जुळवावी लागते, नाहीतर रुजलेल्या कणातून निघणाऱ्या परागनलिकेची लांबी चुकते.

अ‍ॅसिटोकार्मिन या लाल रंगद्रव्याने रंगवून मोजणे सोपे, पण उन्हाने मेलेला कणही लाल दिसतो आणि टक्केवारी फुगते. म्हणून कण रुजवूनच पाहावेत. १०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात साखर १० ग्रॅम, बोरिक आम्ल १० मिलिग्रॅम, कॅल्शियम नायट्रेट ३०, मॅग्नेशियम सल्फेट २० व पोटॅशियम नायट्रेट १० मिलिग्रॅम. सकाळी नुकत्याच उमललेल्या फुलांचे पराग या द्रावणाच्या थेंबात विरळ पसरावेत, पेट्री डिशमध्ये ओला गाळणकागद ठेवून २५ अंशांवर दोन-तीन तास झाकावे. नलिका कणाच्या व्यासाएवढी किंवा जास्त वाढली तरच तो कण रुजला म्हणायचा. वेगवेगळ्या झाडांचे मिळून किमान ३०० कण मोजावेत.

थेंब सुकला की साखर घट्ट होते आणि नलिका खुंटते. साखर कमी पडली तर कण फुटतात. दाट गर्दीत कण एकमेकांच्या आधाराने जास्त रुजतात, शिवाय एकमेकांवर पडलेल्या नलिका छायाचित्रांवरून मोजणी करणाऱ्या संगणकाला एकच वाटतात. त्यामुळे आपोआप आलेला आकडा डोळ्यांनी पडताळल्याशिवाय अहवालात जाऊ नये. सावलीतल्या निरोगी झाडाचे पराग त्याच दिवशी, त्याच द्रावणात तुलनेला ठेवावेत. तेही रुजले नाहीत तर दोष द्रावणाचा.

राहुरी आणि दापोली कृषी विद्यापीठांकडून एकच लेखी पद्धत ठरवून घ्यावी, प्रत्येक केंद्रातल्या एका तंत्रज्ञाला ती हाताने करून शिकवावी, आणि छायाचित्रांसोबत मागच्या दहा दिवसांचे कमाल-किमान तापमान नोंदवण्याची सक्ती करावी. पुढच्या उन्हाळी लागवडीआधी एवढे व्हावे.

आपले,
भाजीपाला पिकांवर काम करणारे संशोधक व विस्तार कार्यकर्ते