एचआयव्हीचा रिपोर्ट नुसता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्याच्या पानावर शुगर, थायरॉईड, कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टबद्दल नेहमी वाचायला मिळतं. एचआयव्हीच्या रक्ततपासणीबद्दल मात्र १ डिसेंबरचा जागतिक एड्स दिन सोडला तर कुणी काही छापत नाही, आणि तेव्हाही रॅलीचे फोटोच जास्त. मी ऐरोलीला राहते, बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलंय, आणि हल्ली आसपास जे बघते त्याने जीव तुटतो म्हणून हे पत्र.

हल्ली ऑपरेशनच्या आधी, गरोदरपणात, कधीकधी हेल्थ पॅकेजमध्ये सुद्धा एचआयव्हीची टेस्ट होते आणि बऱ्याच जणांना रक्त देताना ते माहीतच नसतं. संध्याकाळी मोबाईलवर पीडीएफ येते. आमच्या ओळखीतल्या एका माणसाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलेलं, त्याची पीडीएफ आली आणि त्यात एका ओळीत रिअ‍ॅक्टिव्ह लिहिलेलं, म्हणजे लागणीचा संशय दाखवणारं, बाकी एक शब्द नाही, ना लॅबचा फोन ना डॉक्टरांचा. बायकोनेच आधी वाचलं. पुढे त्या घरात काय झालं असेल ते सांगायला नको, कुणाच्या घशाखाली घास उतरेना, आणि हॉस्पिटलने पण ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली. नंतर सरकारी केंद्रात तपासणी झाली तेव्हा निघालं की त्याला काहीही नाही. लॅबने मुद्दाम काही केलं असं मी म्हणत नाही, किटने जे दाखवलं तेच छापलं, पण ते एवढंच छापून हातात द्यायचं नसतं.

हे असं होतं कसं ते नीट समजून घ्या. आपल्या देशात मोठ्या माणसांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे, म्हणजे हजारात दोन जण. आता समजा एखादी किट खूप चांगली आहे आणि ज्यांना लागण नाही अशा १०० पैकी ९९.५ जणांना ती बरोबर निगेटिव्ह सांगते. तरी हजार सर्वसाधारण लोकांची टेस्ट केली तर लागण नसलेल्या पाच जणांची पण रिअ‍ॅक्टिव्ह येणार, आणि खरी लागण असलेले दोन, म्हणजे सातातल्या पाच जणांना उगाच घोर. किट खराब असते असं नाही, आजार मुळात कमी लोकांत असला की हा हिशोब असाच येतो. म्हणून तर नॅको, म्हणजे सरकारची राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था, तिच्या नियमाप्रमाणे, काही लक्षण नसलेल्या माणसाला पॉझिटिव्ह म्हणायच्या आधी तीन वेगवेगळ्या किटवर तपासणी करतात. पहिली निगेटिव्ह आली तर तिथेच थांबतात. रिअ‍ॅक्टिव्ह आली तर अजून दोन करतात आणि तिन्ही रिअ‍ॅक्टिव्ह आल्या तरच पॉझिटिव्ह. पुढच्या दोनपैकी एक असं आणि एक तसं आलं तर दोन-चार आठवड्यांनी परत बोलावतात. हे सगळं आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात फुकट होतं, आणि आधी समुपदेशक बसून बोलतात ते वेगळं.

आता उलटी बाजू, जी मला जास्त घाबरवते. असुरक्षित संबंध आला की पोरं आठवड्याभरात टेस्ट करतात, निगेटिव्ह आली की सुटलो म्हणून निवांत. नेहमीची रॅपिड टेस्ट विषाणू शोधत नाही हो, आपल्या शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेल्या अँटीबॉडी शोधते, आणि त्या तयार व्हायला काही आठवडे जातात, कुणाकुणाला तीन महिने. यालाच विंडो पिरियड म्हणतात. चौथ्या पिढीच्या लॅब टेस्टमध्ये अँटीबॉडीसोबत विषाणूचं पी-२४ नावाचं प्रोटीन पण बघतात त्यामुळे ती साधारण ४५ दिवसांत बहुतेक सगळ्यांचं सांगते, आणि थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी नॅट टेस्ट त्याहून लवकर, पण सुरुवातीचे दहाएक दिवस त्यातही काही दिसत नाही. तेव्हा नुसतं निगेटिव्ह वाचू नका, कुठली टेस्ट आणि किती दिवसांनी ते विचारा, आणि सांगतील त्या तारखेला परत जा. संबंध येऊन तीन दिवस, म्हणजे ७२ तास झाले नसतील तर टेस्टची वाट बघत बसू नका, सरळ सरकारी हॉस्पिटलला जाऊन पेप मागा. २८ दिवसांच्या गोळ्या असतात, लागण टळू शकते, पण जितकं लवकर तितकं चांगलं.

आणि कृपा करून एचआयव्ही आहे का बघायला रक्तदान करू नका. शिबिरात फुकट तपासणी होते असं समजून काही जण जातात हे मी स्वतः ऐकलंय. रक्तपेढीत प्रत्येक पिशवी तपासतात हे खरं, पण तुम्ही विंडो पिरियडमध्ये असाल तर ती पिशवी निगेटिव्ह निघून एखाद्या थॅलेसेमियाच्या पोराला चढू शकते.

सीडी-४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, त्यावरून पण निदान करू नये, तो टीबी किंवा दुसऱ्या आजारातही खाली येतो. आणि आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाच्या अंगात तिच्याच अँटीबॉडी १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात, म्हणून त्याची साधी टेस्ट रिअ‍ॅक्टिव्ह आली तर लगेच धीर सोडू नका, सहा आठवड्यांपासून त्याची वेगळी, थेट विषाणूच शोधणारी पीसीआर टेस्ट होते.

लॅबवाल्यांना माझं एकच सांगणं आहे. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात टेस्टच्या आधी माणसाची संमती हवी, आधी आणि नंतर समुपदेशन हवं, आणि खाजगी लॅब यातून सुटलेली नाही. रिपोर्ट गुप्त ठेवायचा आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारायचे नाहीत हे पण त्यातच आहे. मग रिअ‍ॅक्टिव्ह आलेल्या माणसाला एक फोन करून, या बसा, हे पक्कं नाही, अजून दोन टेस्ट करायच्या आहेत, एवढं सांगायला किती वेळ लागतो? आणि तिन्ही टेस्ट खरंच पॉझिटिव्ह आल्या तरी आता गोळ्या त्याच दिवसापासून सुरू करता येतात, सरकारी केंद्रात २००४ पासून फुकट मिळतात, आणि विषाणू रक्तात सापडेनासा झाला की जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही. ही गोष्ट तर रिपोर्टसोबत सांगायलाच हवी, माणूस घाबरून काहीतरी करून बसायच्या आधी.

आपल्याला विनंती अशी की ठाणे आणि नवी मुंबईतल्या आयसीटीसी केंद्रांची यादी पत्त्यांसकट महिन्यातून एकदा तरी छापा. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल आणि वाशीचं महापालिका हॉस्पिटल लोकांना माहीत असतं, पण दिघा, तुर्भे, दिवा, मुंब्र्यात राहणाऱ्याला जवळचं केंद्र कुठलं ते कळायला हवं. सोबत १०९७ हा टोल फ्री नंबर पण मोठ्या अक्षरात टाका, तिथे नाव न सांगता विचारता येतं.

आपली,
एक लॅब टेक्निशियन, ऐरोली