जूनमध्ये येत नाहीये

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेले की आई गप्प होते आणि बाबा इथलं हवामान विचारतात, म्हणून लिहितेय. जूनमध्ये मी येत नाहीये. लांडगे बघायला कॅनडातल्या युरेकाला जायचं ठरलं, होकार कळवून झाला. बाबांच्या मोतीबिंदूची तारीख माहीत असूनही कळवला. रागवायचं तर माझ्यावर रागवा, ताईवर नको.

बाबा, एल्समीअर बेट नकाशात ग्रीनलँडला खेटून आहे, कॅनडाचं अगदी वरचं टोक. युरेकाचं हवामान केंद्र तिथे 1947पासून आहे आणि आसपास पांढरे लांडगे राहतात. कान छोटे, मुस्कट आखूड, म्हणजे अंगातली ऊब कमी जाते. पुढच्या वर्षी जा, असं म्हणाल. पण लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच 1986 ते 2010 दर उन्हाळ्यात तिथे जात राहिले, म्हणून तर कळलं की 1997 साली हवामान बिघडलं, चारा घटला, मस्कऑक्स (रानबैलासारखे केसाळ प्राणी) आणि ससे कमी झाले आणि त्यांच्यामागून लांडगेही. कालनिर्णयावर पावसाची नोंद तुम्ही एक दिवस चुकू दिली नाहीत. निदान तुम्हाला तरी हे पटेल ना?

आई, थंडीचं मनात आणू नकोस. जुलैत तिथे पाच-सहा अंश असतात, निफाडला जानेवारीच्या पहाटे असते तेवढीच थंडी. तंबू दुहेरी आहे. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, तू दिलेली गोधडी, सगळं नेतेय. दिवेलागणीच्या आत घरी ये म्हणायचीस ना? तिथे ऑगस्ट संपत येईपर्यंत सूर्य मावळतच नाही.

आणि लांडग्यांची भीती नको. सिन्नरच्या माळावर बाबांनी स्कूटर थांबवून दाखवलेला आठवतो? मी बाबांच्या पोटाला मिठी मारून बसले होते. ‘तोच आपल्याला भितो गं,’ म्हणालात. तो खरंच शेपूट खाली घालून निघून गेला. मला किती दिवस त्याचंच वाईट वाटत होतं. एल्समीअरच्या लांडग्यांना माणसाने फारसं छळलेलं नाही, म्हणून ते भीत नाहीत, उभे राहून आपल्याकडे बघतात. असा लांडगा मला एकदा बघायचाय, बाबा. जमीन गोठलेली, बीळ खणणं कठीण, म्हणून खडकातली एकेक गुहा ते शेकडो वर्षं वापरत आलेत. आई शिकारीला गेली की कळपातलं कुणीतरी पिल्लांपाशी थांबतं. हे वाचताना मला ताईच दिसली. सगळं तिच्यावर टाकून जातेय, हे मला कळतं.

आता ऐका. थेंब वेळेवर घालायचे, ताई घालेल, स्वतः हात लावायचा नाही. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकायचं नाही, आणि स्कूटरची किल्ली आजच आईकडे द्या. आई, तू बीपीची गोळी जेवणाआधी की नंतर करत विसरतेस. डबीवर चिठ्ठी लाव. माळ्यावरचं काही काढायला स्टुलावर चढलीस तर ताई मला सांगणार आहे, तसं ठरलंय आमचं.

दर रविवारी सॅटेलाइट फोनवरून बोलेन, थोडंच, पण बोलेन. एखादा रविवार चुकला तर फोन लागत नसेल किंवा विमान अडकलं असेल, दुसरं काही मनात आणू नका.

बाबा, पट्टी निघाली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की पहिला फोटो तुम्हालाच. तोवर मोबाइल ताईकडे.

तुमची,
चिमी