चवथीआधी कुंपणाला ब्रश लावू नकोस

फोंडा, श्रावण

प्रिय संदेश,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं, फोटोही पाहिले. चवथीला घर माणसांनी भरणार, तेव्हा डेक आणि रस्त्याकडचं कुंपण त्याआधी नवं दिसायला हवं, असं तू लिहितोस. उत्तर आधीच देऊन टाकतो: भिंती रंगव, आतली दारं पॉलिश करून घे, पण उघड्यावरच्या लाकडाला नोव्हेंबरपर्यंत हात लावू नकोस. चवथीची रंगरंगोटी ही आपल्याकडची जुनी रीत आहे, पण भर पावसात बाहेरच्या लाकडावर केलेलं काम दिवाळीलाच सोलपटून निघतं.

कारण साधं आहे. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. या हवेत छपराखालच्या लाकडातसुद्धा १८ टक्क्यांच्या आसपास पाणी मुरतं. उघड्यावरच्या फळीत ते २५च्याही वर जातं. स्टेनचं, म्हणजे लाकडात मुरणाऱ्या रंगाचं, तेल लाकडाच्या पोकळ नळ्यांत शिरायला हवं. तिथे आधीच पाणी बसलेलं असेल तर तेल वरच राहतं, चिकट होतं, आणि ऊन पडलं की आतली वाफ त्याला खालून ढकलते. लाकडातलं पाणी १५ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय डबा उघडू नये. दोन सुयांचा मॉइश्चर मीटर घे. फळीच्या वरच्या बाजूला नव्हे, खालच्या अंगाला आणि खांबाच्या बुडाशी टोचून बघ. वरचा थर दोन उन्हांत वाळतो, ऑक्टोबरात तर फारच लवकर, आणि तिथेच माणूस फसतो. त्या महिन्यात संध्याकाळी गडगडाट करून पडणारा पाऊसही असतोच. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ धर. मार्च-एप्रिलातही होतं, पण फळ्या तापतात आणि तेल मुरण्याआधीच सुकतं.

आत्ता करण्यासारखं एक काम मात्र आहे, आणि ते पावसातच जमतं. छत्री घेऊन डेकभोवती फिर आणि पाणी कुठे साचतं ते खूण करून ठेव. फळ्यांच्या फटीत पानं अडकली असतील, कुंपणाला वेल चिकटले असतील, तर ते काढ. लाकडाला वारा लागायलाच हवा. मग स्क्रू-ड्रायव्हर घे आणि प्रत्येक खांब जमिनीलगत टोचून बघ. पाते सहज आत गेलं तर तिथे सड आहे. त्यावर कितीही रंग लाव, उपयोग नाही. तो भाग कापून गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पायात बसवायचा आणि पाया काँक्रीटवर, लाकडाचं बूड जमिनीपासून ५० मिलिमीटर तरी वर. खांब थेट मातीत गाडला की सडतो तो जमिनीच्या रेषेवर, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथेच भेटतात. वाळवीच्या मातीच्या नळ्याही बघ, विशेषतः चिऱ्यांच्या जोत्याच्या आतल्या बाजूला.

फोटोत खिळ्यांखाली काळे ओघळ दिसतात. तुझे खांब ऐनाचे, म्हणजे माट्टीचे आहेत. त्यात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर, आणि लोखंड त्याला भेटलं की काळंच होतं. खिळे काढून स्टेनलेसचे स्क्रू घाल. समुद्र जवळ असल्याने ३१६ ग्रेडचे घे, ३०४च्या स्क्रूंवर खाऱ्या हवेत तांबूस ठिपके उठतात. दोन फळ्या बदलायच्या आहेत म्हणतोस, तर फट मोजून ठेव. १०० मिलिमीटर रुंद फळी ऐन पावसाळ्यापासून मेपर्यंत दीड-दोन मिलिमीटर सहज आकसते. आत्ता फुगलेली फळी बसवलीस तर ४ मिलिमीटर पुरे, मेमध्ये बसवलीस तर ६ ठेव. नाहीतर पुढच्या पावसात फळ्या एकमेकींना रेटून वर उचलतील.

आता नोव्हेंबरचं काम. डेकवर हिरवं शेवाळ आणि करडा थर, दोन्ही आहेत. करडेपणा म्हणजे मळ नव्हे. उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारा भाग, सुटतं आणि वर मेलेले तंतू उरतात. त्यावर तेल लावलं तर त्या तंतूंबरोबरच ते निघून जातं. म्हणून धुवायचं. सोडियम परकार्बोनेट १ लिटर कोमट पाण्यात ६० ते ८० ग्रॅम, एका बादलीत तासाभरात संपेल इतकंच कालव, कारण विरघळल्यावर त्याचा जोर उतरत जातो. फळ्या आधी साध्या पाण्याने ओल्या कर, मग द्रावण ओत, १५-२० मिनिटं ओलंच राहू दे, नायलॉनच्या ब्रशने रेषांच्या दिशेने घास आणि भरपूर पाण्याने धू. लोखंडी तारेचा ब्रश नको. त्याचे बारीक कण लाकडात रुततात आणि गंजून ठिपके सोडतात. ब्लीचिंग पावडरही नको. शेवाळ पांढरं दिसेल, पण लाकडाचे तंतू उमलतात आणि वर लव उठते.

परकार्बोनेट अल्कधर्मी असल्याने ऐन आणि सागवान दोन्ही काळपटतात. घाबरू नकोस. त्यानंतर दुसऱ्या टप्प्यात ऑक्झॅलिक ॲसिड, १ लिटर पाण्यात ५० ग्रॅम, ब्रशने लाव, १० मिनिटं ठेव आणि धू. काळे डाग आणि लोखंडाचे ओघळ उतरतात, लाकूड पुन्हा मूळ रंगावर येतं. हे विष आहे हे विसरू नकोस: हातमोजे, चष्मा, आणि उरलेलं पाणी विहिरीकडे जाऊ देऊ नकोस. आजूबाजूची झाडं आधी आणि नंतर पाण्याने भिजव. आणि ब्लीच असलेल्या बादलीत कुठलंही ॲसिड कधीच घालू नये, क्लोरीन वायू सुटतो.

प्रेशर वॉशर मागवायचा विचार असेल तर जपून. पंख्यासारखी धार पाडणारा नोझल, ८० बारच्या आत दाब, लाकडापासून ३० सेंटिमीटर लांब. शेवाळ निघत नाही म्हणून नोझल जवळ नेला की मऊ भाग कोरला जातो आणि फळीवर नांगरल्यासारख्या रेघा उमटतात.

कठड्यावर जुनं व्हार्निश सोलपटतंय. ते पूर्ण काढावं लागेल, वाट नाही. अर्ध्या जागी पापुद्रा आणि अर्ध्या जागी उघडं लाकूड असेल तर स्टेन दोन रंगांत दिसतो. व्हार्निश उतरवणाऱ्या स्ट्रिपरने मऊ कर, खरवड, आणि धुऊन वर तेच ऑक्झॅलिक. मग दोन-तीन दिवस कडक ऊन, पुन्हा मीटर, आणि मगच पॉलिश पेपर. डेकला ६० नंबर, वर ८०, बस्स. कठड्यावर हात फिरतो, म्हणून तिथे १०० किंवा १२०. सुताराला सवयीने १८० वर गुळगुळीत करायची हौस असते, त्याला अडव. लाकूड काचेसारखं झालं की तेल आत शिरत नाही. सागवान स्वतःच तेलकट, म्हणून घासल्यावर पांढऱ्या कापडाने थिनर फिरवून लगेच स्टेन लाव. पण थिनर आणि स्टेनच्या आधी, घासलेल्या लाकडावर पाण्याचे चार थेंब टाकून बघ. अर्ध्या मिनिटात मुरले तर लाकूड तयार, मोती होऊन बसले तर अजून घासायला हवं.

कोणता स्टेन घ्यावा, हा तुझा मुख्य प्रश्न. पारदर्शक पॉलीयुरेथेन उघड्यावर मला पटतच नाही. ते वर पापुद्रा बनवतं, लाकूड फुगतं-आकसतं तेव्हा त्याला तडे जातात, पाणी खाली शिरतं आणि पुढच्या वर्षी सगळं खरवडायची पाळी. मुरणारा, तेलाचा, अर्धपारदर्शक स्टेन घे, बुरशीनाशक असलेला. रंगद्रव्य हवंच, कारण ऊन अडवतं ते तेल नव्हे, रंगाचे कण. अगदी फिकट 'नॅचरल' छटा वर्षभरात करडी पडते. मध्यम तपकिरी घे. नुसतं अळशीचं तेल लावायचा सल्ला शेजाऱ्याने दिलाय म्हणतोस. ते बुरशीचं खाद्य आहे, आपल्या हवेत लाकूड काळं पडेल. काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना लावतात ते खरं, पण ते कातडी भाजतं आणि रंग काळपट येतो. जिथे लोक टेकतात तिथे ते नकोच.

आता किती लागेल ते. डेक ४ बाय ३ मीटर, म्हणजे १२ चौरस मीटर. घासलेल्या लाकडावर १ लिटर सुमारे १० चौरस मीटर जातो, दुसऱ्या हाताला कमी लागतं, कडा आणि टोकं धरून ३ लिटर. कुंपणाचा हिशेब लोक चुकवतात, कारण समोरचं क्षेत्रफळच मोजतात. तुझं कुंपण २० मीटर लांब, १.२ मीटर उंच. १०० मिलिमीटरच्या पट्ट्या, मध्ये ५० ची फट, म्हणजे १३३ पट्ट्या. जाडी २० धरली तर एका पट्टीचा घेर २४० मिलिमीटर. सगळ्या मिळून ३८ चौरस मीटर, त्यात दोन आडव्या पट्ट्यांचे १० मिळवले की ४८. खडबडीत लाकडावर लिटर ८ चौरस मीटर धर: पहिल्या हाताला ६ लिटर, दुसऱ्याला ४. खांब वेगळे. सगळे डबे एका बादलीत एकत्र कर, नाहीतर दोन डब्यांतली छटा कुंपणाच्या मधोमध उघडी पडते. डबा हलवू नकोस, काठीने तळापासून ढवळ. रंग तळाशीच बसतो.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी दंव असतं, म्हणून दहाच्या आधी सुरुवात नको, आणि चारनंतर थांब. उन्हाच्या मागे सावलीत काम कर. दोन-तीन फळ्या टोकापासून टोकापर्यंत एका दमात संपव. मध्येच थांबलास तर जोडाची गडद रेघ कायम राहते. १५-२० मिनिटांनी वर उरलेलं तेल जुन्या बनियनने पुसून घे. लोक हेच टाळतात, मग महिनाभर पावलं चिकटतात. कापलेल्या टोकांना मात्र दोन-तीनदा पाज, पाणी तिथूनच सर्वांत जास्त पितं लाकूड. पहिला हात वाळायला किती वेळ ते डब्यावर बघ. काही स्टेनना दुसरा हात ओल्यावरच लागतो.

तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. तेल सुकताना तापतं आणि गोळा स्वतःहून पेट घेतो. पाण्यात बुडव, किंवा अंगणात एकेक पसरून वाळव.

पुढे दर पावसानंतर तेच चार थेंब टाकून बघायचे. डेकला आपल्याकडे बहुधा दरवर्षी एक हात लागतो, धुऊन वाळवून, घासाघाशी न करता. उभ्या कुंपणाला दोन-तीन वर्षांनी. वहिनींना सांग, चवथीला शेवाळावर पाय घसरू नये म्हणून नायलॉनच्या ब्रशने साधं घासून घेतलं तरी पुरे. खांबांच्या बुडाची मापं आणि टोचून पाहिलेलं काय निघालं ते मात्र लिही, म्हणजे लोखंडी पाय कुठल्या आकाराचे मागवायचे ते सांगतो.

तुझा,
दिगंबर