डिसेंबरात जंगलात डबा नको: पेनसिल्व्हेनिया गेम कमिशनच्या कार्यकारी संचालकांना खुलं पत्र

मा. कार्यकारी संचालक,
पेनसिल्व्हेनिया गेम कमिशन, हॅरिसबर्ग

सप्रेम नमस्कार.

राज्यातली शिकार आणि वन्यजीव यांचा कारभार पाहणाऱ्या आपल्या कार्यालयाकडे या पत्राची इंग्रजी प्रत टपालाने पाठवली आहे. इथे ते मराठीत लिहिते आहे, कारण ते जितकं आपल्यासाठी आहे तितकंच फिलाडेल्फिया, पिट्सबर्ग आणि नदीपलीकडच्या न्यू जर्सीतल्या माझ्या मराठी माणसांसाठीही आहे. शनिवार-रविवार मुलांना घेऊन आम्ही आपल्याच जंगलांत फिरत असतो. ही जंगलं वर्षातले काही आठवडे हरणांच्या शिकाऱ्यांनी भरलेली असतात, हे आमच्यातल्या बऱ्याच जणांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मी गेली नऊ वर्षं जिओकॅशिंग करते. आपल्याला हा खेळ ठाऊक असेल, पण हे वाचणाऱ्या प्रत्येकाला असेलच असं नाही. २ मे २००० रोजी अमेरिकन सरकारने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि हातातलं यंत्र एकाएकी काही मीटरपर्यंत अचूक झालं. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये डेव्ह अल्मर यांनी जंगलात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. तेव्हापासून जगभर लाखो डबे लपवले गेले आहेत. डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि तो होता तसा परत ठेवायचा. बस, एवढंच. आमच्या घरात त्याला ‘डबा’च म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द वापरते.

माझा स्वतःचा एक डबा होता. घरापासून तासाभरावर, शिकारीला खुल्या असलेल्या सार्वजनिक जंगलात, रीतसर परवानगी काढून ठेवलेला. गेल्या नोव्हेंबरात कुणीतरी संकेतस्थळावरच्या त्याच्या पानावर लिहिलं, ‘वही भिजली आहे, बदलावी.’ डबा ज्याचा, देखभालही त्याचीच. म्हणून ७ डिसेंबर २०२५ ला, रविवारी दुपारी, मी नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन नवी वही ठेवायला गेले. माझ्या डोक्यावर नारिंगी टोपी होती. मुलाची नारिंगी टोपी घरीच राहिली होती. त्याने अंगात तपकिरी जॅकेट घातलं होतं आणि डोक्याला आजीने विणून पाठवलेली पांढरी लोकरीची टोपी. रविवार आहे, शिकार नसेल, असं म्हणून मी चालायला लागले.

डबा माउंटन लॉरेलच्या झुडपांत होता. महाराष्ट्रात करवंदीची जाळी असते ना, तशी ती दाट असतात आणि हिवाळ्यातही हिरवी राहतात. मुलगा पुढे गेला, वाकून आत शिरला आणि पाचोळा उपसू लागला. मी वीसेक पावलं मागे होते. वरून आवाज आला, ‘मॅम, आहात तिथेच थांबा. मी बंदूक रिकामी करतोय.’ साठेक पावलांवर एका ओकच्या झाडावर मचाण होतं, आणि त्यावर नारिंगी कपड्यातला एक माणूस. डबा मी उन्हाळ्यात ठेवला होता. तेव्हा त्या झाडावर काहीच नव्हतं. त्याने बोल्ट मागे ओढला, एकेक काडतूस काढून खिशात टाकलं, दोरीने बंदूक खाली सोडली, आणि मगच तो उतरला.

साठीचा असेल. हात थरथरत होते. माझे नव्हे, त्याचे. म्हणाला, ‘तपकिरी काहीतरी हललं आणि त्यावर पांढरं. मी दुर्बीण लावली. आधी दुर्बीण, मग बंदूक, असं वडिलांनी शिकवलंय.’ त्याने खिशातून आपली जादा नारिंगी टोपी काढून माझ्या मुलाच्या डोक्यावर घातली. पांढरी टोपी घडी करून माझ्या हातात दिली आणि सांगितलं, ‘या दिवसांत पांढरं कधीच नाही.’ मला तेव्हा नीट कळलं नाही. घरी येऊन वाचलं. पांढऱ्या शेपटीचं हरीण बिथरलं की शेपटी उभारतं, आणि झाडीत आधी दिसतो तो तो पांढरा झुपका. शिकारी दिवसभर डोळे लावून बसलेला असतो तो नेमक्या याच खुणेसाठी.

चूक माझी होती, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या काळात गेम लँड्सवर, म्हणजे आपल्या ताब्यातल्या शिकारीच्या जंगलांत, शिकारीला न आलेल्या माणसानेही भडक नारिंगी घालावं, हा आपला नियम मला माहीत होता. डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच, म्हणजे साधारण ४० सेंटिमीटर लांब-रुंद कापड, नाहीतर चारी बाजूंनी दिसेल अशी टोपी. तो प्रत्येकाने पाळावाच. पण मी का चुकले हे सांगणं भाग आहे, कारण माझ्यासारख्याच चुकणाऱ्या पुष्कळ जणी मला माहीत आहेत.

पहिलं कारण रविवार. या राज्यात रविवारच्या शिकारीवर एकोणिसाव्या शतकापासून बंदी होती. २०२० पासून वर्षाला तीन रविवार खुले झाले. २०२५ च्या जुलैमध्ये गव्हर्नर शपिरो यांनी सही केलेल्या कायद्याने ही बंदीच उठली, आणि आपण त्या हंगामासाठी सप्टेंबर ते डिसेंबर या काळातले तेरा रविवार जाहीर केले. ७ डिसेंबर त्यातला शेवटचा. चालणारे, घोड्यावरून फिरणारे, डबे शोधणारे अशा आम्हा सगळ्यांच्या पिढ्यांनी ‘पानगळीत जंगलात जायचं ते रविवारी’ हे एक सूत्र पाठ केलं होतं. जुन्या डब्यांच्या पानांवर अजूनही लिहिलेलं सापडतं, ‘शिकारीच्या दिवसांत रविवारी या.’ माणसाचा जीव वाचावा म्हणून लिहिलेली ही ओळ आता त्याला थेट बंदुकीसमोर नेते.

रविवार परत द्या, असं मी म्हणत नाही. सोमवार ते शनिवार गॅरेजमध्ये नाहीतर गोदामात राबणाऱ्या माणसाला मुलाला घेऊन जंगलात जायला रविवारच मिळतो, हे मला पटतं. आणि मुळात ही जमीन उभी कुणाच्या पैशावर राहिली? १९२० मध्ये एल्क काउंटीत पहिली गेम लँड्स घेतली गेली, ती शिकार-परवान्यांच्या पैशातून. आज १५ लाख एकरांच्या आसपास असलेली ही जमीन राज्याच्या सर्वसाधारण करातून चालत नाही. परवाने, जमिनीतलं उत्पन्न आणि १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवलेला बंदुका-काडतुसांवरचा केंद्राचा कर यांवर ती चालते. मी परवाना काढत नाही, काडतुसं घेत नाही. तिथे मी पाहुणी आहे, आणि घरच्या माणसाला उठवून पाहुण्याने बसायचं नसतं.

दुसरं कारण भाषेचं आहे. ते आपल्या ध्यानात आलं नसेल, कारण आपण या भाषेतच वाढलात. या देशात आल्यावर पहिल्या वर्षी मी रस्त्याकडेला ‘स्टेट गेम लँड्स’ ही पाटी वाचली आणि तिचा अर्थ घेतला, खेळायच्या जागा. शाळेत शिकलेल्या इंग्रजीत ‘गेम’ म्हणजे खेळ. शिकारीच्या जनावरालाही ‘गेम’ म्हणतात, हे मला इथे दोन वर्षं राहिल्यावर कळलं. आणि आमचा छंदही खेळच! माझ्या ओळखीतल्या चार मराठी घरांत विचारलं, तर तिघांनी हाच अर्थ सांगितला. आम्ही ज्या देशातून आलो तिथे १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनंतर शिकारीचा हंगाम ही गोष्ट उरलीच नाही. जंगलात बंदूक दिसली तर ती वनखात्याची नाहीतर चोराची. इथल्या खेड्यातल्या मुलाला आठव्या वर्षी ठाऊक असतं की नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम सुरू होतो, कितीतरी शाळांना त्यासाठी सुट्टी असते. आमच्या मुलांना ते सांगणार कोण? आजी सोलापुरात आहे, आणि ती पांढरी टोपी विणते.

तिसरं कारण खुद्द डब्याचं. डबा शोधणारा माणूस जंगलात कसा वागतो ते पाहा. तो वाट सोडतो. दाट झाडीत शिरतो, थबकतो, वाकतो, पाचोळा चाळवतो, पुन्हा चार पावलं टाकून थबकतो. वाटेवरून गप्पा मारत जाणारा माणूस लांबूनच माणूस म्हणून ओळखू येतो. डबा शोधणारा नेमका चरणाऱ्या हरणासारखा हलतो. त्यात कामं उरकून निघालेली माणसं संध्याकाळी पोचतात, आणि हरणाची शिकार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत कायदेशीर असते. नारिंगी कापडसुद्धा त्या उजेडात मळकट दिसतं.

डब्यांच्या संकेतस्थळावर पानाला ‘शिकारीचं क्षेत्र’ असं छोटं चिन्ह लावता येतं. डबा ‘तात्पुरता बंद’ असंही दाखवता येतं. स्वयंसेवक तपासनीस नवा डबा मंजूर करण्याआधी पान वाचतात. हे सगळं चांगलं आहे आणि पुरेसं नाही. जंगलात नेटवर्क नसतं, म्हणून आम्ही डब्यांची यादी आधीच फोनवर उतरवून ठेवतो. ऑक्टोबरात उतरवलेल्या यादीत नोव्हेंबरात बंद केलेला डबा चालूच दिसतो. शिवाय पान बंद केलं तरी डबा जागेवरच असतो, आणि जवळून जाणाऱ्याला तो आठवतो. ‘आलोच आहोत तर बघून जाऊ’ हा मोह मला चांगला माहीत आहे.

म्हणून माझी मुख्य मागणी एकच आहे. शिकारीला खुल्या असलेल्या सार्वजनिक जमिनीवर डबा ठेवू देताना अशी अट घालावी, की १५ नोव्हेंबरच्या आत मालकाने तो जागेवरून उचलून घरी न्यावा आणि १५ डिसेंबरनंतरच परत ठेवावा. फक्त पान बंद करणं नव्हे, डबा उचलणं. तारखा मुद्दाम नारिंगी कपड्यांच्या नियमाच्याच घेतल्या आहेत, म्हणजे दोन्ही एकत्र लक्षात राहतील. वर्षातून दोन फेऱ्या ज्याला जमत नाहीत, त्याने तिथे डबा ठेवूच नये. ही अट आमच्यातल्या काहींना जाचक वाटेल. मला आता वाटत नाही. राज्याच्या वनखात्याची जमीन आपल्या अखत्यारीत नाही, हे जाणते, पण हंगामाच्या तारखा सगळ्या राज्यासाठी आपणच ठरवता. आपण हे सुरू केलंत तर तेही ऐकतील.

डबा कुठे असावा, यावरही आपल्या माणसांनी शब्द टाकावा. मचाणं कुठे बांधली जातात, जनावरं कुठल्या घळीतून उतरतात, आपण पेरलेली चाऱ्याची शेतं कुठे आहेत, हे आम्हाला कळत नाही, आपल्या वॉर्डनना कळतं. पार्किंगपासून नाहीतर फाटकापासून हाकेच्या अंतरावर, वाटेला लागून ठेवलेल्या डब्याने खेळाची मजा थोडी कमी होईल, होऊ द्या. आणि लष्करी दारूगोळ्याचे जुने हिरवे डबे आमच्यात फार आवडते आहेत. बंदुकीच्या जंगलात असा डबा, तोही नाव-गाव न लिहिलेला, कुणाला सापडला तर त्याने काय समजावं? ‘जिओकॅश’ ही अक्षरं आणि मालकाचा संपर्क बाहेरच्या बाजूला ठळक असलाच पाहिजे.

वसंतातल्या टर्की पक्ष्याच्या शिकारीच्या हंगामाबद्दल थोडंच लिहिते, कारण त्यासाठी डबे उचलायची गरज मला वाटत नाही. पण मे महिन्यातल्या पहाटे शिकारी नखशिखांत झाडीच्या रंगात बसलेला असतो, नारिंगी घालत नाही, आणि नराच्या डोक्याचे रंग असतात लाल, पांढरा नि निळा. शाळा सुटायच्या सुमाराला मुलांचे टी-शर्ट याच तीन रंगांचे असतात. मेमध्ये पहाटे नको, आणि हे रंग नकोत. एवढं पाटीवर असलं तरी खूप झालं.

पाटीचं म्हणजे असं. पार्किंगच्या फलकावर आपली पत्रकं असतात, बारीक अक्षरांत, कायद्याच्या भाषेत. त्या शेजारी एक चित्र लावा. नारिंगी टोपी घातलेलं मूल, शेजारी बंदूक घेतलेला शिकारी, खाली दोन तारखा आणि ‘रविवारीसुद्धा’ हा शब्द. इंग्रजी न येणाऱ्या आजी-आजोबांनाही ते कळेल. उन्हाळ्यात आमच्याकडे राहायला आलेले सासू-सासरे थंडीपर्यंत थांबतात आणि नातवंडांना फिरवायला तेच नेतात. मराठी, हिंदी, गुजराती, स्पॅनिश, जी भाषा लागेल तिच्यातला तो शब्द मिळवून द्यायची जबाबदारी आमची. इथल्या मराठी मंडळांतून माणसं मी गोळा करते. चित्र काढणारी एक मैत्रीण तयारही झाली आहे.

माझा डबा ७ डिसेंबरपासून तळघरातल्या फळीवर आहे. भिजलेली वही वाळवून ठेवली आहे. तिच्यात एकसष्ट नावं आहेत, कित्येक पानांवर लहान मुलांची अक्षरं आहेत, आणि त्यांतल्या सात नोंदी गेल्या तीन वर्षांतल्या नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या रविवारच्या आहेत. आपली परवानगी असेल तर हंगाम सुरू होण्यापूर्वी ती वही घेऊन हॅरिसबर्गला येईन. सोबत मुलगाही येईल. ती नारिंगी टोपी त्या गृहस्थांना परत द्यायची म्हणून आम्ही दोनदा त्या जंगलाच्या पार्किंगमध्ये जाऊन थांबलो, पण भेट झाली नाही. सध्या तरी ती तोच वापरतो.

आपली विश्वासू,
एका डब्याची मालकीण आणि एका मुलाची आई
चेस्टर काउंटी, पेनसिल्व्हेनिया